पासिंगआधी ट्रॅक्टरचे इंजिन धुताना



अमळनेर-धुळे रस्त्यावर एकदा सकाळी एक ट्रॅक्टर कडेला उभा दिसला. बॉनेट उघडे, इंजिन लखलखीत आणि मालक डोक्याला हात लावून बसलेले. मी मोटारसायकल थांबवून विचारले, "काय व्हयनं भाऊ?"

ट्रॅक्टरला 15 वर्षे होत आली होती, म्हणून ते धुळ्याला पासिंगला निघाले होते. पहाटेच इंजिनवर पाण्याचा प्रेशर मारून घेतला. वाटेत चहाला थांबले, आणि सेल्फ उचलेना. मेकॅनिकने येऊन सेल्फ सुकवला, पण त्याच वेळी त्याला फिल्टरजवळच्या नळीतून डिझेल पाझरताना दिसले. इतके दिवस ती गळती चिखल-तेलाच्या थराखाली झाकलेली होती. याच ट्रॅक्टरने त्यांनी हंगामभर कापूस ओढला होता. तापलेला सायलेन्सर, शेजारी डिझेल आणि मागे ट्रॉलीत कापूस! त्या दिवशी पासिंग हुकले, पण मोठे संकट टळले असेच म्हणायचे.

म्हणून सांगणे असे, की इंजिन साहेबांना चकाकी दाखवण्यासाठी धुवू नये. आपल्याला त्यातले दोष दिसावेत म्हणून धुवावे, आणि तेही तीन-चार दिवस आधी. म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.

मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपण्याआधी 60 दिवसांच्या आत अर्ज करता येतो. केळी किंवा भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपचे नियम वेगळे आहेत. तिला फिटनेस लागते. जळगाव असो की धुळे, फी व तारीख आपल्या आर.टी.ओ. कार्यालयात आधी विचारून घ्यावी.

आता धुण्याची रीत पाहू.

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर तडा जाण्याची भीती असते. खानदेशातल्या उन्हाळ्यात भर दुपारी हे काम नकोच.

2. बॅटरीची मायनस वायर आधी सोडावी. जोडताना ती शेवटी जोडावी. सेल्फ, डायनामो, फ्यूजची पेटी, एअर क्लीनरचे तोंड व सायलेन्सरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी सुतळीने घट्ट बांधावे. ऑईलचे व डिझेलचे झाकण आवळावे, ऑईल मापायची काडी नीट बसवावी.

3. वाळलेली माती व तेलाचा थर लाकडी पट्टीने खरवडावा. मग साबणाचे पाणी लावून ब्रशने घासावे. पेट्रोल मुळीच वापरू नये. डिझेलने घासायची सवय असेल तर तीही सोडावी. त्याने रबरी नळ्या फुगतात व आगीचाही धोका असतो.

4. पाणी हळू सोडावे. पंप, नोझल व वायरिंगवर प्रेशर मारू नये. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू व भुसा अडकतो. तो पंख्याच्या बाजूने पाणी सोडून पुढे काढावा. जोर लावला तर पत्रे वाकतात.

5. इंजिन नंबर व चेसिस नंबर यांवरची घाण कापडाने पुसावी. तपासणीत हे नंबर कागदपत्रांशी ताडून पाहतात. तेथे कानस किंवा तारेचा ब्रश चालवू नये. अक्षरे झिजली तर नसता संशय येतो.

6. एअर क्लीनर तेलाचा असेल तर भांडे धुऊन नवीन तेल भरावे. कागदी जाळीचा असेल तर ती पाण्याने धुवू नये. धूर काळा येत असेल तर आधी इथेच पाहावे.

मग कोरड्या फडक्याने पुसून पिशव्या काढाव्यात. सगळे सुकल्यावर बॅटरी जोडून इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवावे. ते बंद करून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक सांधा पाहावा. रात्री खाली एक जुना पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी काळा थेंब दिसला तर इंजिन ऑईल, पातळ व वासाचा असेल तर डिझेल. काडीवरचे ऑईल दुधाळ दिसले तर पाणी आत जात आहे. मग ट्रॅक्टर चालवूच नये, मेकॅनिकला बोलवावे.

धुण्याची जागाही पाहून घ्यावी. गिरणेत, पांझरेत किंवा विहिरीजवळ ट्रॅक्टर धुवू नये. तेच पाणी आपण व आपली गुरे पितात. तेलकट चिंध्या कापसाच्या खोलीत ठेवू नयेत.

आणि इंजिन चमकले म्हणजे पासिंग झाले असे नाही. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, टायर ठीक आहेत का हेही पाहावे. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत. रात्री उसाची किंवा कापसाची ट्रॉली रस्त्यात उभी राहिली, तर मागून येणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

घरातील मंडळींनाही एक विनंती. ट्रॅक्टरची मुदत कोणत्या तारखेला संपते, ते आजच कागद काढून पाहा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पेरणीच्या घाईत मालकाला ते आठवणार नाही.