उर्फच्या पुढचं नाव

आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्स राहतात. सगळी छावणी त्यांना ‘सिस्टर’ म्हणते. माझ्या दोन्ही मुलांची पहिली इंजेक्शनं त्यांच्याच हातची. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी त्या पत्र्याचा एक डबा घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “टीचर, यात एक उर्दू कागद आहे. तेवढा वाचून द्या. बाकी सगळं आम्ही वाचून बसलोय.”

उर्दू वाचणाऱ्यांना आपल्या मराठवाड्यात अशी कामं नवी नाहीत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तेव्हा निजामकाळच्या उर्दू आणि मोडी कागदांना एकदम मोल आलं. मला वाटलं, सिस्टरांचं कामही तसंच काही असेल. पण त्यांना शोधायचे होते आपले पणजोबा, आणि ते होते आयर्लंडचे.

चहा होईपर्यंत त्यांनी डबा रिकामा केला. आत घरचं जुनं बायबल होतं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर घरातल्या जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिलेल्या, दर पिढीची शाई वेगळी. मुलांच्या बाप्तिस्म्याचे दोन दाखले होते, दोन्ही अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर), एक 1893 चा आणि एक 1902 चा. फौजेतून सुटल्याचा एक फाटका कागदही होता. त्यावर पणजोबांचा हुद्दा तोफखान्यातला शिपाई आणि जन्माचा जिल्हा कॉर्क. गावाच्या नावावर नेमकी घडी पडून कागद विरलेला.

त्या काळी आयरिश माणूस आपल्याकडे सापडणं नवलाचं नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या शिपायांत एके काळी जवळजवळ निम्मे आयर्लंडचे होते. 1845 पासून तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी गेली आणि जवळपास तितकीच देश सोडून निघाली. गरीब घरच्या पोरांना फौजेत पोटभर जेवण आणि पगार मिळत होता. असंच एक आयरिश कुटुंब स्पाईक मिलिगन यांचं. इंग्लंडमध्ये विनोदासाठी नावाजलेला हा लेखक-नट 1918 मध्ये अहमदनगरला जन्मला. वडील स्लायगो गावचे, ब्रिटिश फौजेतले. मिलिगन स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढले, जखमी झाले. तरी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश पासपोर्टचा प्रश्न आला तेव्हा भारतातला जन्म आडवा आला. मग वडिलांचा जन्म आयर्लंडचा या आधारावर त्यांनी आयरिश नागरिकत्व घेतलं आणि 2002 मध्ये मरेपर्यंत तेच ठेवलं. बापाच्या जन्मगावाने मुलाला देश दिला.

सिस्टरांना पासपोर्ट नको होता. “मला फक्त गावाचं नाव पाहिजे,” त्या म्हणाल्या. “आम्ही कुठले, असं नातवाने विचारलं तर काय सांगू?”

त्यांच्या मुलाने इंटरनेटवर बराच शोध घेतला होता. त्यातलं काही मला फार शिकवून गेलं. आयर्लंडने आपले जुने सरकारी कागद डब्लिनच्या एका भक्कम इमारतीत एकत्र ठेवले होते. 1922 च्या जूनअखेरीस, तिथल्या यादवीत, ती इमारत पेटली. 1821 ते 1851 च्या जनगणनेचे बहुतेक कागद जळाले. त्यानंतरच्या चार जनगणनांचे कागद तर सरकारनेच आधी नष्ट केले होते. प्रोटेस्टंट चर्चच्या शेकडो नोंदवह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून तिथे आणून ठेवलेल्या, त्याही गेल्या. कॅथलिक नोंदवह्या मात्र गावोगावच्या पाद्र्यांकडेच राहिल्या होत्या, म्हणून वाचल्या. 2015 पासून त्यांची छायाचित्रं कोणालाही फुकट बघता येतात.

1901 आणि 1911 च्या जनगणनेचे घरोघरचे फॉर्मही शिल्लक आहेत. 1911 च्या फॉर्ममध्ये विवाहित बाईला विचारलं आहे, मुलं किती झाली आणि हयात किती. दोन आकडे शेजारी शेजारी वाचले तरी आत काहीतरी हलतं.

आपल्याकडच्या चर्चच्या नोंदींची एक नक्कल लंडनला जायची. ती तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यामुळे बाप्तिस्म्याचे दाखले पडताळून झाले. गाव मात्र मिळेना. कॉर्क हा आयर्लंडचा सर्वांत मोठा जिल्हा, आणि पणजोबांचं आडनाव तिकडे आपल्या शेख-पठाणांसारखं घरोघरचं.

शेवटी उर्दू कागद उलगडला. तो बैनामा होता, म्हणजे घराचं खरेदीखत. सिस्टरांच्या मुलाने त्यावरचे आकडे ओळखले होते, 1318. त्याने ते हिजरी धरून 1900 साल काढलं होतं. पण 1902 चा दाखला अहमदनगरचा. मग त्याच्या आधी दोन वर्षं इथे घर कसं घेतलं? या गाठीवर सगळं अडून बसलं होतं.

मी महिना बघितला. ‘तीर’. हिजरीत तीर नावाचा महिना नाही. निजाम सरकारचे कागद फसली सालाने चालत. त्यात आजर, दै, बहमन, तीर असे फारसी महिने. हैदराबादच्या फसली सालात 590 मिळवले, आणि तीरसारखा वर्षाच्या उत्तरार्धातला महिना असेल तर 591, की इसवी सन येतं. म्हणजे खरेदी 1909 च्या मे महिन्यातली. फौज सुटल्यावर पणजोबांनी रेल्वेत नोकरी केल्याचं घरात सांगत. 1900 च्या सुमारास मनमाडहून इथून जालन्याकडे निजामाची मीटरगेज सुरू झालेली. सगळं जुळलं. तुमच्या घरी जुना उर्दू कागद असेल तर साल वाचण्याआधी महिना वाचा.

पण घर पणजोबांच्या नावावर नव्हतंच. खरेदी करणारी त्यांची बायको होती. बायबलमध्ये तिचं नाव नुसतं ‘मेरी’. ती कोण, कुठली, हे घरात कोणी बोलत नसे. “मेमसाहेब होती असं आजी सांगायची,” सिस्टर म्हणाल्या. खतात लिहिलं होतं, मुसम्मात मेरी, मग ‘उर्फ’, मग एक साधं, आपल्या मातीतलं मराठी नाव. पुढे ‘बिन्त’ आणि वडिलांचं नाव. त्यापुढे ‘मुतवत्तिन’, म्हणजे मूळ राहणार, आणि जालना तालुक्यातलं एक गाव. हाल मुक्काम इथला.

ते नाव त्यांच्या घरचं आहे, म्हणून इथे छापत नाही. मी ते तीनदा वाचून दाखवलं. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “जालन्याला इथून किती वेळ लागतो, टीचर?” आयुष्यभर जिथल्या माणसांना सुया टोचल्या, तिथलाच रस्ता त्या मला विचारत होत्या.

त्या गेल्यावर माझी मुलगी हॉलमधल्या भिंतीकडे बघत उभी राहिली. तिथे आमचा शजरा लावलेला आहे. दादांनी स्वतःच्या हाताने, सुंदर नस्तालीकमध्ये लिहिलेला. सात पिढ्या. मुलीने विचारलं, “अम्मी, यात तू कुठे आहेस?”

मी नाही त्यात. माझे दोन्ही भाऊ आहेत. दादी नाही, फुप्पी नाहीत. इतकी वर्षं तो शजरा मी पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवत आले.

त्या रात्री फुप्पींना फोन केला. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या. दादीचं पूर्ण नाव त्यांनी चटकन सांगितलं. मग विचारलं, “दादीच्या आईचं नाव काय?” बराच वेळ गेला. “सब बडी अम्मी बोलते थे, बेटा. नाम... नाम तो किसीने पूछाच नहीं.” दादीचा निकाहनामा शोधला. त्यात तिचं नाव आहे, वडिलांचं आहे, मेहर आहे, वकील आणि गवाह आहेत. आईसाठी रकानाच नाही. फुप्पींच्या आधी विचारायला हवं होतं अशी सगळी माणसं आता कब्रस्तानात आहेत.

शाळेत दाखले देताना मी रोज बघते. एकच बाई रेशन कार्डावर खैरून बी, निकाहनाम्यात खैरुन्निसा, आधारवर तिसरंच काही. आपण ते दुरुस्त करायला धावतो, कारण कामं अडतात. बडी अम्मीच्या नावावाचून कोणाचंच काम अडलं नाही, म्हणून ते कोणी लिहिलं नाही.

तर या महिन्यात एवढं करा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ वही घेऊन बसा. तिचं नाव, तिच्या आईचं, सासूचं, दोघींची माहेरची गावं लिहून घ्या. लाडाचं नाव असेल तर तेही, मधे ‘उर्फ’ घालून. जुने कागद असतील तर लॅमिनेट करू नका. कापडात गुंडाळून, ओल आणि वाळवीपासून दूर ठेवा. मोबाईलवर फोटो काढा आणि ते दुसऱ्या गावातल्या नातेवाइकालाही पाठवा. एकाच ठिकाणी ठेवलेले कागद एकदमच जातात, हे डब्लिनकडून शिकण्यासारखं आहे.

मीही वही केली आहे. पहिल्या पानावर माझं नाव, मग अम्मीचं, नानीचं, दादीचं, फुप्पींचं. दादीच्या वरची एक ओळ रिकामी सोडली आहे. तिथे आत्ता नुसतं ‘उर्फ बडी अम्मी’ एवढंच लिहिलं आहे.