एका बॅटरीवर दोन कामे

जून-जुलैची मासेमारीबंदी उठून हर्णै, मिरकरवाडा, मालवण येथील नौका पुन्हा दर्यात जाण्याच्या तयारीला लागल्या, की जाळी, डिझेल आणि बर्फ यांचा हिशेब भागवून जी रक्कम शिल्लक राहील तीत ट्रकची एखादी बॅटरी आणावी आणि इंजिनापासून बिनतारी यंत्रापर्यंतचा सगळा कारभार तिच्याच गळ्यात बांधावा, हा शिरस्ता माझ्या पाहण्यात अनेकदा आला आहे. आणि काटकसरीच्या नावाखाली चालणारी ही उधळपट्टीच होय, असे माझे मत आहे.

इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा पातळ व संख्येने अधिक असतात, कारण क्षणार्धात शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह सोडावयाचा तर आम्लाला भिडणारे पृष्ठफळ विस्तृत असावे लागते. नवलाची गोष्ट अशी, की एवढ्या गर्जनेत वीज खर्ची पडते ती अत्यल्प: ३०० ॲम्पिअरचा प्रवाह ३ सेकंद वाहिला तर हिशेब होतो पाव ॲम्पिअर-तासाचा, आणि नांगरलेल्या नौकेवरचा १० वॉटचा दिवा तेवढी वीज अवघ्या १८ मिनिटांत फस्त करतो. म्हणूनच रात्रभर दिवे, मासे शोधणारे यंत्र आणि बिनतारी संच यांना पोसण्याचे काम या पातळ प्लेटांवर लादले, तर वारंवार रिती होऊन त्या लवकरच निकामी होतात. त्यासाठी जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरीच हवी. भारनियमनाने घरोघरी आणलेली इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी याच कुळातली, मात्र तिच्यातले आम्ल हेलकाव्यांनी सांडण्याचे भय असल्याने ती जशीच्या तशी नौकेवर नेऊ नये.

५ ॲम्पिअर भार १० तास चालवावयाचा आणि बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यावयाची नाही, एवढे पथ्य पाळले तरी १०० ॲम्पिअर-तासांची तरतूद लागते. दुकानदार मात्र थंडीत इंजिन फिरवण्याच्या क्षमतेचा आकडा पुढे करतो. तो उणे १८ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो, आणि कोकणच्या उकाड्यात त्याची मातब्बरी ती काय? दोन्ही कामे करते म्हणून विकली जाणारी मधली जात ही केवळ तडजोड आहे. तिच्यापेक्षा दोन स्वतंत्र बॅटऱ्या आणि त्यांना विलग ठेवणारा एक स्विच, ही तजवीज मला अधिक शहाणपणाची वाटते. रात्री दिव्यांची बॅटरी संपली तरी पहाटे इंजिन सुरू होण्याची हमी राहते. अर्थात, ज्या लहान होडीचे यंत्र दोरी ओढूनच चालू होते, तिच्या मालकाने इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर पैसा घालूच नये.