डगला तोच, ऐट कोणाची?

डिसेंबरच्या सकाळी वैतरणा स्टेशनवर डहाणू लोकलची वाट बघत उभे असाल, तर मोबाईलमधून जरा डोकं वर काढा आणि आजूबाजूचे खांदे बघा. हो, खांदेच. कोणाच्या खांद्यावर बटणाची पट्टी असेल, कोणाच्या छातीवर झाकणाचे दोन खिसे असतील, कोणी कमरेशी आणि मनगटाशी आवळलेलं फुगीर जॅकेट घातलं असेल. हे सगळे कुठल्या ना कुठल्या फौजेचा कपडा अंगावर घालून उभे आहेत, त्यांना ते माहीत असो वा नसो. आपल्याकडे थंडी ती काय, जेमतेम काही आठवडे, आणि तीही गाडी खाडीच्या पुलावरून जाताना दारात उभं राहिलं तरच कळते. तरी सफाळे, केळवे रोड, पालघर, प्रत्येक स्टेशनला दोन-चार बॉम्बर जॅकेटं चढतातच. म्हणजे हे प्रकरण थंडीचं नाहीच.

मग कशाचं आहे? सगळे म्हणतात 'लुक'चं. मला हे उत्तर अर्धंच पटतं.

कारण हे कपडे मुळात लुकसाठी शिवलेलेच नव्हते. बॉम्बरचंच घ्या. अमेरिकी वैमानिक आधी चामड्याचं जॅकेट घालायचे, 1931 मध्ये मंजूर झालेलं ए-2. पुढे जेट विमानं खूप उंच जायला लागली आणि भिजलेलं चामडं तिथे गोठायला लागलं. म्हणून 1950च्या दशकात नायलॉनचं एमए-1 आलं. कॉलर विणलेली, कारण जाड फरची कॉलर पॅराशूटच्या पट्ट्यांमध्ये अडकायची. आतलं भडक केशरी अस्तर पुढे आलं, आणि तेही शायनिंग मारायला नाही. विमान पडलंच तर जॅकेट उलटं करून घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना लांबून दिसेल. आज आपण तेच केशरी अस्तर दिसावं म्हणून चेन अर्धी उघडी ठेवून रील काढतो.

1965च्या एम-65 जॅकेटची गोष्टही तशीच. चार मोठे खिसे आणि कॉलरमध्ये गुंडाळून ठेवलेली टोपी. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी असेच फौजी कपडे घालून त्याच युद्धाविरुद्ध मोर्चे काढले. 1971 मध्ये वॉशिंग्टनला त्यांनी आपली पदकं संसदेच्या पायऱ्यांकडे भिरकावली. पुढच्या वर्षी जॉन लेनन अमेरिकी लष्कराचा हिरवा शर्ट घालून स्टेजवर उभा राहिला. म्हणजे युद्धासाठी शिवलेला कपडा युद्धाला 'नको' म्हणायचा गणवेश झाला. इंग्लंडमधली साठच्या दशकातली मॉड पोरं तर आणखी व्यवहारी होती. स्कूटरवर फिरताना महागडा सूट खराब होऊ नये म्हणून त्यांनी सैन्यातले जुने पार्का स्वस्तात उचलले. बोईसरच्या धुळीत बाईक हाणणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

मुलींनो, इथे एक मुद्दा खास आपला. आपल्या जीन्सचे खिसे म्हणजे निव्वळ फसवणूक असते, शिलाई मारलेली आणि आत जागाच नाही. फौजी जॅकेटात मोबाईल, पास, रुमाल, डब्यातला चमचा, सगळं मावतं. गर्दीच्या लोकलमध्ये पर्स पुढे घेऊन कवटाळायची कटकट संपते. या एका गोष्टीसाठी मी कुठल्याही लष्कराचे आभार मानायला तयार आहे.

तर अर्धं उत्तर हे: चांगला विचार करून शिवलेला कपडा टिकतो. उरलेलं अर्धं मात्र ऐटीचं आहे, आणि ती ऐट कोणाच्या वाट्याला येते यावर मला बोलायचंय.

खाकीपासून सुरू करू, कारण तो रंग आपल्याच उपखंडातला. 1846 मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने 'गाईड्स' ही पलटण उभी केली, तिच्यासाठी धुळीच्या रंगाचे कपडे निवडले. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. तोवर इंग्रजी फौज लाल डगल्यात फिरायची, लांबूनच नेम धरता यावा अशी. धुळीच्या प्रदेशात लपण्यासाठी काढलेला हा रंग पुढे सगळ्या साम्राज्याच्या फौजेचा झाला. पण तो कुठे, कोणाच्या अंगावर आणि किती जाड, हे सारखं नव्हतं. 1914 मध्ये हिंदी सैनिक फ्रान्सला उतरले ते पातळ सुती खाकीत, आणि समोर युरोपातला हिवाळा होता. त्याच खंदकांवरून ज्याला ट्रेंच कोट हे नाव पडलं, तो कोट मात्र अधिकाऱ्यांसाठी. ते स्वतःच्या पैशाने तो शिवून घेत. साध्या शिपायाच्या वाट्याला जड लोकरी ग्रेटकोट. आज ज्याला 'टाइमलेस क्लासिक' म्हणून विकतात, त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर तेव्हा हुद्दा मिरवायचा.

आणि खाकीची दुसरी बाजू पाहायला पेशावर-फ्रान्सला जायची गरज नाही. 14 ऑगस्ट 1942 ला पालघरमध्ये 'चले जाव'च्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण हुतात्मा झाले. दर 14 ऑगस्टला पालघर त्यांना मानवंदना देतं. आपल्यातले बरेच जण कॉलेजला जाताना हुतात्मा स्तंभाला वळसा घालून जातात. त्या दिवशी इथल्या लोकांनी खाकीकडे कुठल्या नजरेने पाहिलं असेल, हे एकदा आठवून बघायला हरकत नाही.

आता जरा लग्नसराईत या. वसईपासून डहाणूपर्यंत कुठलीही वरात घ्या. पुढे बँडवाले, लाल नाहीतर निळा कोट, छातीवर सोनेरी गोंडे, खांद्यावर झालर, पितळी बटणं. आपल्या भागातलं सगळ्यात जुनं 'मिलिटरी जॅकेट' कुठलं असेल तर ते हे. युरोपातल्या फौजांच्या बँडचा पोशाख संस्थानिकांच्या दरबारी आला आणि तिथून लग्नाच्या मांडवात. तंजावरला तर मराठ्यांचे सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला होता. हंगेरीच्या घोडेस्वारांच्या डगल्यावरचे ते छातीवरचे आडवे गोंडे आज मे महिन्याच्या उन्हात, पालघरच्या रस्त्यावर, घामाने चिंब झालेल्या क्लॅरिनेटवाल्याच्या अंगावर असतात.

हाच कोट 1967 मध्ये बीटल्सनी अल्बमच्या मुखपृष्ठावर घातला, तर तो इतिहास झाला. मायकल जॅक्सनने घातला, तर तो 'किंग' झाला. जॅक्सन 1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीत नाचून गेला, त्याची गोष्ट आपल्या आई-बाबांची पिढी अजून सांगते. त्याचे ते झालरीचे खांदे आपल्याला एका सेकंदात ओळखता येतात. आणि आपल्या वरातीतला तोच कोट? त्याच्यावर मीम. मित्राने जरा जास्त झगमगीत ब्लेझर घातला की आपणच म्हणतो, "काय रे, बँडवाला झालास?" खरं सांगा, म्हणता ना? मीही ऐकलंय हे, अगदी प्रेझेंटेशनच्या दिवशीसुद्धा.

वॉचमनचंही तसंच. तारापूर एमआयडीसीत कारखान्यांच्या गेटवर उभे असलेले काका बघा. खांद्यावर पट्टी, शिट्टीची दोरी, छातीवर झाकणाचे खिसे. एम-65 मध्ये आणि त्यांच्या शर्टात शिवणीचा फरक फार नाही. पण एकाला आपण 'युटिलिटी व्हाइब' म्हणतो आणि दुसऱ्याला 'ओ वॉचमन'. गंमत म्हणजे कायद्याला हा फरक वेगळ्या बाजूने दिसतो. खाजगी सुरक्षा संस्थांच्या 2005च्या कायद्याप्रमाणे सुरक्षारक्षकाने लष्कराच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख घातला, तर त्याला आणि त्याच्या मालकाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपण मॉलमधून आर्मी प्रिंट आणून फोटो टाकतो, तेव्हा कोणी विचारत नाही.

अर्थात, आपल्यालाही अगदीच मोकळं रान नाही. सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने त्यांच्यासारखा पोशाख घातला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी वेशात आले होते. त्यानंतर लष्कराने लोकांना असे कपडे न घालण्याचं आणि दुकानदारांना ते न विकण्याचं आवाहन केलं होतं. 15 जानेवारी 2022 ला दाखवलेला नवा डिजिटल नक्षीचा गणवेश तर 'निफ्ट'च्या मदतीने बनवलाय आणि त्या नक्षीचे हक्क लष्कराने स्वतःच्या नावावर नोंदवले आहेत.

भरतीची तयारी करणारी पोरं यावर चिडतात. पहाटे मैदानावर सोळाशे मीटर मारताना आर्मी प्रिंटची पँट घातली की पायात बळ येतं, असं ती म्हणतात. मला ते समजतं, आणि त्यांना कोणी गुन्हेगार समजू नये असंही वाटतं. पण ज्या गणवेशासाठी तुम्ही धावताय, तो आधीच दीडशे रुपयांत अंगावर आला, तर तो मिळेल त्या दिवसासाठी काय राखून ठेवलंत? एनसीसीतल्या मैत्रिणींना विचारा. टोपी किती तिरकी, बिल्ला कुठे, बेल्ट कसा, यावरून त्यांनी किती शिव्या खाल्ल्यात ते सांगतील.

माझा हिशोब साधा आहे. जुना बॉम्बर, फील्ड जॅकेट, पार्का, खुशाल घाला. ते आता कुठल्याच फौजेचे राहिलेले नाहीत, सगळ्यांचे झालेत. आजच्या जवानाच्या अंगावरची नक्षी, हुद्द्याच्या पट्ट्या, रेजिमेंटचे बिल्ले मात्र नकोत, दुकानदाराने 'चालतं हो' म्हटलं तरी. स्वस्तात हवं असेल तर उल्हासनगर गाठा. ते शहरच मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे वसले आणि वस्त्यांना अजूनही 'कॅम्प नंबर पाच' असंच म्हणतात. घेताना खिशात हात घालून बघा. शिवून बंद केलेला खिसा असेल, तर जॅकेट तिथेच ठेवा.

आणि या सीझनला वरातीत नाचायला गेलात, तर दोन गाण्यांच्या मधे बँडवाल्या काकांना पाण्याची बाटली द्या आणि कोट कोणत्या टेलरने शिवला ते विचारा. नंबर मिळाला तर मलाही कळवा. मला तो लाल कोट हवाय, झालर सकट. फक्त आतून एक मोठा खिसा पाहिजे, लोकलच्या पासासाठी.