उल्लेखांचे माप आणि संशोधकाचे मोल

हैदराबादची कोठी मराठी माणसाला परकी नाही. केशवराव कोरटकरांचे नाव जिच्याशी निगडित आहे ती विवेकवर्धिनी संस्था जवळच जांबागेत आहे आणि ब्रिटिश रेसिडेंटची जी हवेली तीही याच परिसरात आहे. तेथील उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४६ सालापर्यंत मागे जाते. अशा महाविद्यालयांतून बाहेर पडून मूत्राशयाच्या वा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाचा परिचय हल्ली एका ठरावीक साच्यात करून दिला जातो : इतके निबंध, त्यांचे इतरांनी केलेले इतके उल्लेख आणि अमुक इतका 'एच' निर्देशांक. त्याने नेमके काय शोधले आणि त्यामुळे कोणता रोगी वाचला, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही.

हा निर्देशांक जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचविला. ज्याच्या तीस निबंधांचा प्रत्येकी निदान तीस वेळा उल्लेख झाला आहे, त्याचा निर्देशांक तीस. हिशेब सोपा आहे, आणि सोपा आहे म्हणूनच नेमणुका व बढत्या करणाऱ्यांना तो प्रिय झाला.

या मापाची परीक्षा पाहावयाची तर कोठीतच एक जुने उदाहरण सापडते. रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक व तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मविषयीचे दोन आयोग भरविले. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही. डॉक्टरने श्वासावर लक्ष ठेवले म्हणजे पुरे. 'लॅन्सेट'ने ते प्रसिद्ध केले व जगभर त्याची चर्चा झाली. आजची मोजणी तेव्हा असती तर लॉरींच्या उल्लेखांची संख्या आकाशाला भिडली असती. पण निष्कर्ष चुकीचा होता! क्लोरोफॉर्मच्या अर्धवट गुंगीत हृदयाचे स्पंदन विस्कटून मृत्यू येऊ शकतो, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. खंडन करण्यासाठी केलेला उल्लेखही मोजणीत उल्लेखच ठरतो, हे विसरून चालणार नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण शेजारच्या आंध्रातले. भीमावरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्यासह १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तो निबंध विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक उल्लेखिलेल्या निबंधांत गणला जातो. पण यूजीन गारफील्ड यांची उल्लेखसूची १९६४ मध्ये निघाली, तीत उल्लेख नोंदले जात ते पहिल्या लेखकाच्या नावावर. म्हणजे मोजणीचे श्रेय फिस्के यांना. पुढे लेडर्ले प्रयोगशाळेत सुब्बारावांच्या नेतृत्वाखाली जी फॉलिक आम्लविरोधी द्रव्ये निघाली, त्यांपैकी मेथोट्रेक्सेट हे मूत्राशयाच्या कर्करोगावरील चार औषधांच्या संयुक्त उपचाराचा एक घटक झाले. त्या उपचाराचे पहिले निष्कर्ष १९८५ मध्ये आले. सुब्बाराव १९४८ सालीच वारले होते. ते औषध शिरेतून घेणाऱ्या रोग्याला त्यांचे नाव ठाऊक नसते; उपचारावर निबंध लिहिणाराही त्यांचा उल्लेख क्वचितच करतो.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. उल्लेख रोगाच्या तीव्रतेप्रमाणे मिळत नाहीत. तो रोग श्रीमंत देशांत किती आहे यावर ते पुष्कळ अंशी अवलंबून असतात. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पाश्चात्य देशांत विपुल आहे. म्हणून त्यावर लिहिणाऱ्याला वाचकही विपुल. पुरुषाच्या जननेंद्रियाचा कर्करोग तेथे विरळा. आपल्या ग्रामीण भागात मात्र त्याचे रोगी अधिक आढळतात. स्वच्छतेच्या सोयी नसलेला शेतमजूर लाजेपोटी जखम लपवितो आणि इस्पितळात येतो तेव्हा अवयव गमावण्याची वेळ आलेली असते. त्याच्यावर संशोधन करणाऱ्याला उल्लेख थोडे मिळणार. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून एकेक रोगी नोंदवावयाचा, ही मेहनत करणाऱ्या कार्यकर्त्याचा निर्देशांक बहुधा शून्यच राहतो. पण त्याच्या नोंदीवाचून मोठमोठ्या निबंधांतील आकडे येणार तरी कोठून?

बढतीसाठी प्रसिद्ध निबंधांची अट वैद्यकीय अध्यापकांवर आहेच. तिचा परिणाम म्हणून पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले आहे, आणि एकमेकांचे उल्लेख करण्याचा परस्पर-साहाय्यक उद्योगही फोफावला आहे. नियतकालिकाच्या नावावरून संशोधकाची किंमत करू नये, असे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितले. आमच्या निवड समित्यांनी तेही अद्याप मनावर घेतलेले दिसत नाही.

गोमंतकात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पासूनची. तरीही येथील पुष्कळ कर्करोगी आजही परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. बांबोळीच्या महाविद्यालयात अध्यापक निवडताना उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन निबंध समितीने मुळातून वाचावेत, आणि रोगनोंदणीचे काम संशोधन म्हणून मोजावे, अशी आमची सूचना आहे. यास नवा कायदा लागत नाही की खास तरतूद लागत नाही. समितीच्या सभासदांचे वाचनाचे दोन दिवस लागतील.