ठाण्यात पाद्री नको, देव्हाराही नको!

२५ डिसेंबर हा दिवस आमच्यासाठी दुहेरी महत्त्वाचा आहे. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडला स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी या दिवशी उपासकांची तेथे गर्दी होते आणि बंदोबस्ताला पोलीस उभे असतात. पण त्याच दिवशी नाताळही असतो. त्या बंदोबस्तात एखादा ख्रिस्ती शिपाई असेल, तर तो चर्चमधली प्रार्थना सोडून आमच्या सोहळ्यासाठी दिवसभर उभा राहतो. त्याच्या मनाचा विचार आम्ही कधी केला आहे काय?

ब्रिटन-अमेरिकेत पोलीस दलासाठी पाद्री असतात. सहकारी मेला, संसार मोडायला आला, तर पाद्री शिपायाजवळ बसतो, त्याचे ऐकून घेतो. आपल्या लष्करातही पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात. मग आमच्या पोलिसांना पाद्री का नको, असे कोणी ख्रिस्ती बांधव विचारील. प्रश्न प्रामाणिक आहे. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही आमचे उत्तर 'नको' असेच आहे.

वर्दीत धर्म शिरला की त्याचा भार आधी अल्पसंख्याकाच्या विवेकावर पडतो. रेजिमेंटच्या मंदिराच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती लेफ्टनंटला २०२१ साली लष्करातून काढले गेले. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्याची याचिका फेटाळली. त्याला वाचवायला लष्करातली पाद्रीची पदे कामी आली नाहीत.

पोलीस ठाण्यात तर कोणतेही पद न नेमता एकच धर्म ठाण मांडून बसला आहे. कुठे देव्हारा, कुठे सत्यनारायण, कुठे ठाण्याचा गणपती! जानेवारी २०१७ मध्ये सरकारी कार्यालयांतील देवादिकांच्या तसबिरी काढण्याचे परिपत्रक निघाले आणि विरोध होताच मागे घेतले गेले. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर २ जानेवारी २०१८ रोजी पिंपरी पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवला गेला. अशी फिर्याद घेऊन वस्तीतला माणूस ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा त्याला समोर संविधान दिसले पाहिजे. ठाणे अंमलदाराचा देव नव्हे, पाद्रीचा क्रूसही नव्हे.

पण शिपायाचे दुःख खरे आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे देहू-आळंदीची वारी आहे, गणपती आहे, १४ एप्रिल आहे आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांचा पट्टाही आहे. त्याच वर्षी ३० जुलैला चाकणला जाळपोळ झाली, तेव्हा पोलीसही जखमी झाले. कामगाराला संघटना आहे. पोलिसाला मात्र १९६६ च्या कायद्याने परवानगीवाचून संघटना करता येत नाही. मग त्याने बोलावे कोणाशी?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पोलिसाला हक्काची साप्ताहिक सुट्टी द्या. ज्याचा जो सण, त्या दिवशी त्याला रजा द्या. वरिष्ठांच्या हाताखाली नसलेला, ऐकलेले पोटात ठेवणारा प्रशिक्षित समुपदेशक द्या. ड्यूटी संपल्यावर त्याच्या घरी पाद्री येवो, मौलवी येवो की भन्तेजी. तो त्याचा कलम २५ चा हक्क आहे. मात्र सरकारी तिजोरीतून धर्मगुरू नको. उद्या कोणी ठाण्यात भन्तेजी नेमतो म्हणाले, तरी आमचे उत्तर बदलणार नाही. जो नियम दुसऱ्याला, तोच आपल्याला.

आणि सुरुवात आपणच करू. येत्या २५ डिसेंबरला देहूरोडच्या बंदोबस्तातून ख्रिस्ती पोलिसांना मोकळे करा, असे निवेदन विहाराच्या कार्यकर्त्यांनी आयुक्तांना द्यावे. रांगा सांभाळायला समता सैनिक दल समर्थ आहे!