उपयोग काय?

व्हिएन्ना विद्यापीठात अनंत समूहांच्या भूमितीवर चर्चासत्र भरत आले आहे, असे परवा मी शिक्षकांच्या खोलीत सांगितले. लगेच प्रश्न आला, "उपयोग काय त्याचा?" मी साधा मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहिणारा मास्तर, पण या प्रश्नाची मला चीड आहे.

अंगणातली ठिपक्यांची रांगोळी मनाने चारी दिशांना अनंत पसरा. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर सरकणे, त्यावर आणखी सरकणे. असा हा समूह. मधला ठिपका धरून, आडवेउभे चालत, दहा पावलांच्या आत २२१ ठिपके येतात. आता असे झाड घ्या, की पहिल्या ठिपक्यापासून चार वाटा फुटतात आणि पुढे प्रत्येकापासून तीन नव्या. तिथे दहा पावलांत १,१८,०९७! दोन्ही अनंतच, पण वाढ निराळी. या दोन जातींच्या मधली वाढ असते काय, असे १९६८ साली अमेरिकेतल्या मिल्नरने विचारले. १९८४ साली सोव्हिएत संघातल्या ग्रिगोरचुकने तसा समूह दाखवून दिला.

एका प्रश्नापायी सोळा वर्षे! ही उधळपट्टी असेल, तर रांगोळी तरी कशाला? दुसऱ्या दिवशी ती केरातच जाते.

खरे सांगू? "गुरुजी, जे संपतच नाही, त्यातले एक दुसऱ्यापेक्षा लवकर वाढेल का?" असे एका पोराने मला वर्गात विचारले होते. "परीक्षेला नाही ते," म्हणून मी त्याला खाली बसवले. त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही.

वाचकहो, यंदा घरातले पोर असे काही विचारील, तर फराळाचे ताट बाजूला ठेवा. पण त्याला खाली बसवू नका.