कार्डावर काय छापायचे?

हल्ली आमच्या काही कॅडेट्सनी स्वतःचा लोगो तयार करून कार्डे छापली आहेत. नावाखाली ‘भावी सेनाधिकारी’ अशी ओळ असते. हौस चांगली आहे. ती ओळ मात्र मला पटत नाही, कारण जे पद अजून कोणी दिलेले नाही ते आपण आधीच मिरवतो.

शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा त्यांच्या किशोरवयातल्या पत्रांवरही आढळते, म्हणजे जवळपास आमच्याच वयातली. तिच्यात स्वतःचे नाव आहे, वडिलांचे नाव आहे आणि ही मुद्रा लोककल्याणासाठी आहे असे वचन आहे. पत्राच्या माथ्यावर शिक्का उमटे आणि शेवटी मोर्तब, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू नये. शिक्कामोर्तब हा शब्द तिथूनच आला. दिलेल्या शब्दाला बांधून घेणे हाच त्याचा अर्थ. 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलाला नवा ध्वज मिळाला. त्यावरची अष्टकोनी कडही याच मुद्रेवरून घेतलेली आहे.

इथे म्हैसूरच्या राजवाड्याच्या कमानीवर वाडियारांचा गंडभेरुंड आहे. संस्थान गेले, तरी तो पक्षी आज कर्नाटकाच्या राजचिन्हात आहे. त्याच्याखालचे वचनही निर्भयतेचे आहे, बढाईचे नाही.

म्हणून मित्रांनो, कार्ड छापायचेच तर पूर्ण नाव, हाऊस आणि आज अंगावर असलेली एक जबाबदारी छापा. ‘प्रथमोपचार’ लिहिलेत, तर रात्री कोणी दार वाजवल्यावर उठावे लागेल, एवढे लक्षात ठेवा.